टेक्सासचा कापूस, कान्सासचा मका आणि सावकाराची वही

ओंबी (धागालेखिका)

अमेरिकेतल्या कान्सास राज्यात विचिटाहून पश्चिमेला गाडी काढली की तासाभरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना गव्हाशिवाय काही दिसेनासं होतं. मग मधूनच एखादा पांढरा उंच मनोरा येतो. ते धान्याचं कोठार. इथले लोक त्याला एलिव्हेटर म्हणतात. त्याला खेटून रेल्वेचा रूळ आणि फाटकापाशी ट्रक तोलायचा काटा. मी वर्ध्याकडच्या कापूसवाल्या घरातली. जिनिंगच्या फाटकाबाहेर रात्रभर थांबलेल्या बैलगाड्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यामुळे असं कोठार दिसलं की पहिल्यांदा मनात येतं, हा काटा कोणाचा?

१८७० ते १८९६ या पंचवीस वर्षांत इथल्या शेतकऱ्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि त्यातून स्वतःचा राजकीय पक्ष उभा केला. मराठीत या चळवळीबद्दल फार थोडं वाचायला मिळतं. जे मिळतं त्यात ती 'चांदीवाल्यांची (म्हणजे चलन वाढावं म्हणून चांदीची नाणी मागणाऱ्यांची) चळवळ' म्हणून दोन ओळींत संपवलेली असते. मला ते मनापासून खटकतं. चांदी शेवटी आली. मूळ दुखणं वेगळं होतं.

सुरुवात दक्षिणेतून करते. यादवी युद्ध १८६५ ला संपलं तेव्हा दक्षिणेतल्या शेतकऱ्याकडे जमीन असो वा नसो, रोकड अजिबात नव्हती. बँकाही नव्हत्या. १८६३-६४ च्या राष्ट्रीय बँक कायद्यांनी लहान गावात बँक काढायलाही ५०,००० डॉलर भांडवल लागेल असं ठरवलं होतं, शिवाय त्या बँकांना जमिनीच्या तारणावर कर्ज द्यायला मनाई होती. म्हणजे शेतकऱ्याकडे तारण ठेवण्यासारखी जी एकच वस्तू होती, ती बँकेला चालत नव्हती.

मग उरला गावातला दुकानदार. मार्च महिन्यात शेतकरी त्याच्याकडे जायचा, बियाणं, खत, पीठ, डुकराचं मांस, कापड, नांगराचा फाळ उधारीवर उचलायचा आणि कागदावर सही करायचा. गहाण पडायचं ते पीक, जे अजून पेरलंही नव्हतं. दुकानात प्रत्येक वस्तूला दोन भाव असत, एक रोखीचा आणि एक उधारीचा. उधारीचा भाव आधीच चढा, त्यावर पुन्हा व्याज. हिशेब दुकानदाराच्या वहीत. दिवाळीच्या सुमारास (इथे दिवाळी नाही, पण महिना तोच) कापूस जिनात जायचा, तिथून थेट दुकानदाराकडे. तो भाव सांगणार, तोच वजन करणार, तोच वहीत जमा मांडणार. बाकी निघाली तर पुढच्या वर्षीचं पीकही त्याच्याचकडे. आणि तो सांगणार, कापूसच लाव. मका पेरलास तर उधार नाही, कारण कापूस खाऊन संपत नाही. घरात खायला मका लागतो, तो मात्र याच दुकानातून चढ्या भावाने घ्यायचा.

भावांचं सांगायचं तर १८८१ च्या सुमारास गहू बुशेलला (साधारण २७ किलो) एका डॉलरच्या वर होता. १८९४ ला तो ५० सेंटांवर आला. त्याच वर्षी कापूस पौंडाला पाच सेंटांच्या खाली गेला. ज्याने १००० डॉलर कर्ज डॉलरभर भावाच्या काळात घेतलं, त्याला ते हजार बुशेल गव्हाचं कर्ज वाटलं होतं. फेडायच्या वेळी दोन हजार बुशेल घालावे लागले. कर्जाचा आकडा कागदावर हलला नाही, पण घरातलं धान्य दुप्पट गेलं.

आता माझा मुद्दा. ही चळवळ नुसती 'भाव द्या' म्हणत नव्हती. तिच्यातल्या शहाण्या माणसांनी ओळखलं होतं की शेतकरी मार खातो तो सुगीच्या दोन महिन्यांत. सगळ्या देशाचं पीक एकदम बाजारात येतं, पैसा तेव्हाच सर्वांत महाग असतो, आणि शेतकऱ्याला थांबता येत नाही. ज्याला थांबता येतं तो नफा घेतो. थांबण्याची ऐपत शेतकऱ्याला कशी मिळेल यावर त्यांनी वीस वर्षं डोकं चालवलं.

१८७७ साली टेक्सासच्या लॅम्पासस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेतकऱ्यांनी एक मंडळ काढलं. त्यातून फार्मर्स अलायन्स वाढली. तिची ताकद होती फिरते व्याख्याते. घोड्यावरून किंवा घोडागाडीतून हे लोक गावोगाव जायचे, शाळेत नाहीतर चर्चमध्ये शेतकरी बायकामुलांसह जमायचे, आणि पतपुरवठा, रेल्वेचे दर, चलन या विषयांवर रात्री उशिरापर्यंत बोलणं चालायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं तेही राष्ट्रीय बँक कायदा समजून घेत होते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

चार्ल्स मॅक्यून हा त्यांचा मुख्य योजनाकार. १८८७ ला त्याने डॅलसमध्ये अलायन्सची खरेदी-विक्री संस्था उभी केली. कल्पना अशी की गावातले सगळे सभासद मिळून एक हुंडी लिहितील. ज्याची जमीन आहे तो आपली जमीन त्यात गुंतवेल, म्हणजे शेजारच्या खंडकऱ्यालाही पत मिळेल. त्या हुंडीवर बँकेतून पैसा उचलायचा, माल घाऊक आणायचा आणि दुकानदाराच्या वहीतून नाव काढून घ्यायचं. जमीनवाल्याने बिनजमीनवाल्याच्या कर्जाला जामीन राहायचं, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं. आपल्याकडे सख्ख्या भावाला जामीन राहताना माणूस दहादा विचार करतो.

बँकांनी हुंड्या घ्यायला नकार दिला. तेव्हा ९ जून १८८८ हा दिवस ठरला. टेक्सासमधल्या शंभरावर काउंटी कचेऱ्यांसमोर त्या दिवशी शेतकरी जमले, हजारोंनी जमले, आणि स्वतःच्या कनवटीचा डॉलर-दोन डॉलर द्यायचं वचन देऊन आपली संस्था वाचवायला उभे राहिले. ती तेवढ्याने वाचली नाही, वर्षभरात बुडाली. पण मॅक्यूनला कळून चुकलं की खासगी बँकेकडून ही पत कधीच मिळणार नाही.

डिसेंबर १८८९ ला सेंट लुईसच्या परिषदेत त्याने सबट्रेझरी योजना मांडली. ज्या काउंटीत वर्षाला ५ लाख डॉलरचा शेतमाल विकला जातो तिथे सरकारने वखार बांधायची. शेतकरी माल तिथे ठेवेल. त्या दिवशीच्या बाजारभावाच्या ८०% रक्कम सरकार त्याला वर्षाला १% व्याजाने नव्या नोटांत देईल. वर्षभरात भाव चढला की त्याने माल विकून कर्ज फेडायचं. सुगीला पैसा वाढेल, माल विकला की आपोआप परत आटेल. इतकं साधं. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी याला वेडगळपणा म्हटलं.

पुढे पक्ष कसा झाला, १८९६ ला काय झालं ते प्रतिसादांतून बोलू. इथे अनेक जाणकार आहेत.

-----

पश्चिमवारा

सुंदर लिहिलं आहेस ओंबी. पण रेल्वे राहिली. काट्यापासून सुरुवात केलीस आणि काटेवाल्याला सोडून दिलंस!

-----

ओंबी

@पश्चिमवारा, खरं आहे. तो दक्षिणेपेक्षा मध्य-पश्चिमेचा आणि थोडा आधीचा अध्याय. ऑलिव्हर केली या कृषिखात्यातल्या माणसाने १८६७ ला 'ग्रेंज' काढली. मूळ हेतू एकाकी शेतकरी कुटुंबांना एकत्र आणण्याचा. बायकांना पहिल्यापासून पूर्ण सभासदत्व होतं. १८७३ च्या मंदीनंतर दोन वर्षांत सभासद सात लाखांवर गेले, कारण लोकांना भांडायला जागा हवी होती.

भांडण असं: तुमच्या गावातून एकच रेल्वे जाते, स्टेशनात एकच कोठार. कोठारवाला म्हणतो गहू ओला आहे, दुसऱ्या प्रतीचा. तुम्ही कुठे जाणार? शिकागोहून न्यूयॉर्कला दोन-तीन कंपन्या असल्यामुळे दर कमी, आणि गावाहून शिकागोला अंतर थोडं पण कंपनी एकच म्हणून दर जास्त. आमदारांना आणि संपादकांना फुकट पास. इलिनॉयने १८७१ ला कोठारभाड्यावर कमाल मर्यादा घातली. शिकागोच्या मन आणि स्कॉट या कोठारवाल्यांनी ती मानली नाही. १८७७ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. ज्या धंद्यावर सगळ्यांचं जगणं अवलंबून आहे, त्यावर लोकांना नियम घालता येतो, असं त्याचं सार. पण १८८६ ला त्याच न्यायालयाने सांगितलं की एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाहतुकीवर राज्यांना हात घालता येणार नाही. मग १८८७ ला केंद्राचा कायदा आणि आयोग आला. आयोगाला दात नव्हते, पहिली कित्येक वर्षं तरी.

-----

आकडेमोड

लेख मन लावून वाचला. एक बाजू राहते आहे असं वाटतं, ती मांडतो. कृपया शेतकरीविरोधी समजू नये, माझे आजोबाही शेतीच करत.

या पंचवीस वर्षांत रेल्वेचे सरासरी दर उतरत होते. गहाणाचे व्याजदरही उतरले. शेतमालाबरोबर नांगर, कापड, साखर यांचेही भाव पडले. गहाणखतं बहुतेक चार-पाच वर्षांची असत, त्यामुळे वीस वर्षांच्या भावघसरणीचा सगळा बोजा एका कर्जावर पडला असं म्हणता येत नाही. आणि कान्सासच्या पश्चिम भागात १८८० च्या दशकात पाऊस बरा झाला म्हणून लोकांनी जिथे गहू यायलाच नको तिथे कर्ज काढून जमिनी घेतल्या. १८८७ पासून दुष्काळ पडला. त्यात शिकागोचा, अर्जेंटिनाचा, रशियाचा आणि हिंदुस्थानचा गहू लिव्हरपूलच्या एकाच बाजारात. भाव पाडायला कोणी कट करायची गरज नव्हती.

-----

ओंबी

@आकडेमोड, तुमचा प्रतिसाद लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. दुष्काळाचं शंभर टक्के मान्य. 'देवावर भरवसा ठेवला, कान्सासात बुडालो' असं बैलगाड्यांवर रंगवून माणसं पूर्वेला परत गेली. १८८९-९० च्या हिवाळ्यात मका इतका पडेल होता की कोळसा विकत घेण्यापेक्षा घरात मकाच जाळला.

पण सरासरीबद्दल मी अडते. मुख्य मार्गाचा दर निम्मा झाला आणि फाट्यावरच्या स्टेशनाचा तसाच राहिला तरी सरासरी खालीच दिसते. फाट्यावरच्या माणसाने सरासरीवर गहू पाठवलेला नसतो. दक्षिणेतल्या पीकगहाणाला तर तुमचं व्याजाचं म्हणणं लागूच होत नाही. तिथे व्याज वहीत लिहिलंच जायचं नाही, ते उधारीच्या भावात मुरलेलं असायचं. आणि चार वर्षांचं गहाणखत चार वर्षांनी फिटत नव्हतं. ते नव्याने लिहिलं जायचं. आमच्या घरात पीककर्जाचं 'जुनं-नवं' दरसाल होतं, त्यामुळे मला हा शब्द इंग्रजीत शोधावा लागला नाही.

कटाबद्दल मात्र सहमत. कट नव्हता, रचना होती. चळवळीतल्या काही वक्त्यांनी कटाची भाषा वापरली, इंग्लंडचे सावकार, ज्यू सावकार असंही बोलले. ते चूकच होतं.

-----

काळीकसदार

मी शिरूर तालुक्यातला. हे वाचताना आमच्याच गावचं वाचतोय असं झालं, आणि ते नुसतं साम्य नाही, दोन्हीकडे दोर एकच आहे.

१८६१ ला अमेरिकेत युद्ध पेटलं, लिव्हरपूलला दक्षिणेचा कापूस जायचा बंद झाला, आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. दख्खनमध्येही पैसा खेळू लागला, सावकार उदार झाले. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, इथले भाव कोसळले. त्याच वेळी इंग्रजांनी तीस वर्षांची मुदत संपली म्हणून सारा वाढवला. सावकाराने हात आखडला. डिसेंबर १८७४ ला आमच्या तालुक्यात करडे गावच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. न्हाव्याने, पाणक्याने, सगळ्यांनी त्याचं काम बंद केलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात उठाव झाला, मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव कर्जरोखे काढून जाळले. माणसं मारली नाहीत, कागद जाळले. कारण त्यांना ठाऊक होतं की आपण त्या कागदात अडकलोय.

म्हणजे टेक्सासचा शेतकरी आणि सुप्याचा कुणबी एकाच भावफलकाकडे बघत होते, एकमेकांचं नावही माहीत नसताना. एकाचा कापूस थांबला की दुसऱ्याला बरकत, आणि तो परत सुरू झाला की दुसरा बुडाला. सरकारने १८७९ ला दख्खन शेतकरी कायदा केला, त्यात कर्जाचा जुना हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. अमेरिकेच्या पीकगहाणवाल्यांना तेवढाही मिळाला होता का?

-----

ओंबी

@काळीकसदार दादा, नाही. उलट बहुतेक दक्षिणी राज्यांत कायदा दुकानदाराच्या बाजूचा होता. करड्याचा बहिष्कार वाचून तागाची गोष्ट आठवली. १८८८ ला कापसाच्या गाठी बांधायच्या तागाच्या कापडाचा भाव तिथल्या कारखानदारांच्या संघाने एका हंगामात जवळजवळ दुप्पट केला. अलायन्सने ठरवलं, ताग घ्यायचाच नाही. जॉर्जियापासून टेक्सासपर्यंत शेतकऱ्यांनी गाठी सुती कापडात बांधल्या. संघाला भाव खाली आणावा लागला. ताग आपल्या बंगालचा, बरं का.

-----

रुपया_तोळा

चांदी शेवटी आली, हे ओंबीताईंचं म्हणणं बरोबर. तरी ती कुठून आली हे सांगायला हवं, कारण त्यात मुंबईची टांकसाळ आहे.

१८७३ ला अमेरिकेने चांदीचा डॉलर पाडणं बंद केलं, त्याच सुमारास जर्मनीही सोन्यावर गेली. जगात चांदी पडू लागली. हिंदुस्थान मात्र चांदीवरच होता. कोणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत. त्यामुळे १८७० च्या सुरुवातीला जवळपास दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला.

आता कान्सासच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. हिंदुस्थानी शेतकऱ्याला गव्हाचे रुपये पूर्वीइतकेच मिळतात, पण तो रुपया लंडनमध्ये स्वस्त झालेला आहे. म्हणजे लिव्हरपूलला हिंदुस्थानचा गहू सोन्याच्या हिशेबात दरवर्षी स्वस्त पडतो, आणि कान्सासच्या गव्हाला त्याच भावाशी टक्कर द्यावी लागते. चांदीवाल्यांच्या सभांमध्ये हा मुद्दा वारंवार यायचा. आपल्या पंजाबातल्या, मध्य प्रांतातल्या शेतकऱ्याला सोन्याच्या दराने बक्षीस दिलं जातंय, असं ते म्हणत. आपल्याकडे सगळा फायदा शेतकऱ्याला पोचत होता असं मुळीच नाही, व्यापाऱ्याला पोचत होता. पण तिकडून तसं दिसत होतं.

आणि मग २६ जून १८९३. हिंदुस्थान सरकारने टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या. रुपया उतरल्याने लंडनला पाठवायचा खर्च परवडेना हे कारण. जगातलं चांदीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक एका दिवसात गेलं. चांदी कोसळली, कोलोरॅडोच्या खाणी बंद पडल्या. अमेरिकेत त्या वसंतापासून मंदी सुरू झालीच होती. ३० जूनला, म्हणजे चारच दिवसांनी, अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचं (अमेरिकी संसदेचं) खास अधिवेशन बोलावलं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत तो रद्द झाला. सिमल्यातल्या एका कायद्याने अमेरिकेतल्या राजकारणाची दिशा इतकी बदलली, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

-----

जुनी_वही

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे. एका गोष्टीबद्दल मात्र कोणीच बोललं नाही, आणि ती सोडून ही गोष्ट पुरी होऊच शकत नाही. टेक्सासच्या अलायन्समध्ये काळ्या शेतकऱ्याला प्रवेश नव्हता.

त्यांनी डिसेंबर १८८६ मध्ये टेक्सासच्याच ह्यूस्टन काउंटीत वेगळी अलायन्स काढली. तिने पुढे दहा लाखांवर सभासदांचा दावा केला. यातले बरेच खंडाने किंवा मजुरीने कसणारे. १८९१ च्या सप्टेंबरात कापूस वेचणीचा दर शंभर पौंडांना एक डॉलर मिळावा म्हणून त्यांनी संप पुकारला. गोऱ्या अलायन्सचे राष्ट्रीय अध्यक्ष लिओनिडस पोक यांच्या वृत्तपत्राने संपाला विरोध केला, कापूस शेतात राहिला तरी चालेल पण ही मागणी मानू नका म्हणून. कारण साधं होतं, गोरा सभासद मजूर लावणारा होता. अर्कान्सासच्या ली काउंटीत बेन पॅटरसन या माणसाने संप पुढे नेला. त्याच्यासह पंधराएक जण मारले गेले, काहींना पकडून फासावर लटकवलं.

ओंबी, तू जमीनवाल्याने बिनजमीनवाल्याला जामीन राहण्याबद्दल लिहिलंस, आणि ते मोठंच होतं. पण तो जामीन रंग बघून होता. आपल्याकडच्या शेतकरी चळवळींत शेतमजूर कुठे असतो, हा प्रश्न मी वीस वर्षं विचारते आहे, म्हणून हे ठळक लिहिलं.

-----

ओंबी

@जुनी_वही ताई, तुम्ही लिहिलंत ते मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. जमीनवाला आणि बिनजमीनवाला हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यासमोर दोघेही गोरेच होते, हे तुमचा प्रतिसाद वाचून कळलं.

जॉर्जियाच्या टॉम वॉटसनचं त्यात सर्वांत जास्त दुःख होतं. १८९२ ला त्याने गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना उद्देशून लिहिलं होतं, की तुम्हाला वेगळं ठेवलं जातं ते तुमची कमाई वेगवेगळी लुबाडता यावी म्हणून. त्याच्यासाठी भाषणं करणाऱ्या डॉइल नावाच्या काळ्या धर्मोपदेशकाच्या जिवावर उठले तेव्हा वॉटसनच्या हाकेला शेकडो गोरे शेतकरी बंदुका घेऊन पहाऱ्याला आले. हाच माणूस पुढच्या आयुष्यात काळ्यांचा, ज्यूंचा आणि कॅथलिकांचा जहाल द्वेष पसरवत राहिला. नॉर्थ कॅरोलायनात लोकपक्ष (शेतकऱ्यांचा नवा पक्ष, पीपल्स पार्टी; वॉटसन त्याचाच) आणि रिपब्लिकन यांनी मिळून १८९४ ला विधिमंडळ जिंकलं, काळे लोक पुन्हा पदांवर आले. १० नोव्हेंबर १८९८ ला विल्मिंग्टन शहरात सशस्त्र गोऱ्यांनी निवडून आलेली नगरपालिका उलथवली आणि काळ्या वस्तीत खून पाडले. त्यानंतर मतदानावर कर आणि वाचनपरीक्षा लादल्या. त्यात काळ्यांबरोबर गरीब गोऱ्यांचंही मत गेलं.

-----

पश्चिमवारा

आता १८९० ते ९६ सांगच. मेरी लीज तुमच्या विचिटाच्याच ना?

-----

ओंबी

हो, विचिटाच्याच. चार मुलांची आई आणि वकील. १८९० च्या उन्हाळ्यात त्यांनी दीडशेच्या वर भाषणं केली. हे सरकार आता वॉल स्ट्रीटचं, वॉल स्ट्रीटने चालवलेलं, वॉल स्ट्रीटसाठी आहे, हे त्यांचं वाक्य. त्यांना स्वतःला तेव्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत देता येत नव्हतं. 'मका कमी पिकवा आणि दंगा जास्त करा' हे त्यांच्या नावावर खपणारं वाक्य वार्ताहराने घुसवलेलं होतं असं त्यांनीच पुढे सांगितलं, पण ते बरं आहे म्हणून तसंच राहू दिलं. त्या शरदात कान्सासच्या सात खासदारांपैकी पाच नव्या पक्षाचे निवडून आले.

४ जुलै १८९२ ला ओमाहामध्ये पीपल्स पार्टीचा जाहीरनामा मंजूर झाला. आपण ज्याला लोकपक्ष म्हणू. इग्नेशियस डॉनेली यांनी प्रस्तावना लिहिली. एकाच अन्यायाच्या पोटी दोन वर्ग जन्मतात, भटके आणि लक्षाधीश, असं त्यात होतं. मागण्या: सबट्रेझरी, उत्पन्नानुसार चढता प्राप्तिकर, रेल्वे-तार-टेलिफोन सरकारी मालकीचे, टपाल बचत बँका, दरडोई ५० डॉलर चलन, सोळा भार चांदीला एक भार सोनं या प्रमाणात चांदीची हवी तितकी नाणी. सोबतच्या ठरावांत गुप्त मतदान आणि सिनेटरांची थेट निवड. तेव्हा सिनेटर विधिमंडळं निवडत, म्हणजे पुष्कळदा रेल्वे निवडत. अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मतं आणि २२ निर्वाचक मिळाले.

मग मंदी आली आणि चांदी हा एकच शब्द सगळ्यांना सोपा वाटू लागला. १८९६ च्या जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनात नेब्रास्काचे ३६ वर्षांचे विल्यम ब्रायन बोलले. शहरं जाळा आणि शेतं राखा, शहरं पुन्हा उगवतील, शेतं उद्ध्वस्त करा आणि देशातल्या प्रत्येक शहराच्या रस्त्यावर गवत उगवेल. दुसऱ्या दिवशी ते अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. त्यांच्या कार्यक्रमात चांदी होती, सबट्रेझरी नव्हती. लोकपक्षापुढे पेच पडला. वेगळं लढावं तर चांदीची मतं फुटतात, ब्रायनना घ्यावं तर आपण उरत नाही. त्यांनी ब्रायनना घेतलं. ब्रायन यांच्या जोडीला उपाध्यक्षपदाला मेन राज्यातला एक जहाज कारखानदार आणि बँकवाला होता, तो यांनी नाकारून वॉटसनला उभं केलं. एका अध्यक्षाला दोन उपाध्यक्ष, कोणाला मत द्यायचं ते गावातल्या माणसाला कळेना. ब्रायन १८,००० मैल फिरले. रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली आपल्या घराच्या ओसरीवरून बोलले आणि त्यांच्या पक्षाने ३५ लाख डॉलर खर्चले. निर्वाचक मतं पडली मॅकिन्लींना २७१, ब्रायनना १७६. लोकपक्ष त्यातून पुन्हा उठला नाही.

ब्रायन १९०६ ला हिंदुस्थानात येऊन गेले आणि इंग्रजी राजवटीवर त्यांनी फार कडक लिहिलं, हे @रुपया_तोळा यांच्यासाठी.

-----

मांजराकाठ

मी लातूरकडचा. सबट्रेझरीचं वाचून थांबलो. आपल्याकडे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना जवळपास हेच नाही का? बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवायचं, किमतीच्या ७५% पर्यंत कर्ज, सहा महिने, ६% व्याज. आमच्या वडिलांनी एका वर्षी प्रयत्न केला. सुगीच्या ऐन आठवड्यात गोदाम भरलेलं होतं, आणि भरलेलं होतं ते शेतकऱ्यांच्या मालाने नव्हे. नाव घेत नाही. माल भाड्याच्या ट्रकमध्ये होता, ट्रकवाला थांबायला तयार नव्हता. त्याच दुपारी समोरच्या अडत्याला विकला. फेब्रुवारीत भाव चढले तेव्हा वडील काही बोलले नाहीत, नुसता पेपर घडी करून ठेवला.

मॅक्यूनच्या योजनेत वखार सरकारने आधी बांधायची होती, हे मला त्यात सर्वांत शहाणपणाचं वाटलं. तिचं पुढे काय झालं?

-----

ओंबी

@मांजराकाठ, तुमच्या वडिलांचं वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

योजना १८९० च्या दशकात काँग्रेसमध्ये समितीच्या पुढे गेली नाही. पण जाहीरनाम्यातलं एकेक कलम नंतर येत गेलं. १९१३ ला घटनादुरुस्तीने प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवड, १९१६ ला वखारीच्या पावतीला कर्जासाठी मान्यता देणारा कायदा, त्याच वर्षी शेतजमिनीवर कर्ज देणाऱ्या बँका. १९३३ च्या मंदीत मक्याचे भाव पुन्हा रसातळाला गेले तेव्हा सरकारने बुशेलला ४५ सेंट कर्ज दिलं, बाजारभावाहून जास्त. वखारही लागली नाही. माल शेतकऱ्याच्याच अंगणातल्या कणगीत राहिला, वर सरकारी सील. भाव चढला तर कर्ज फेडा आणि विका, नाही चढला तर मका सरकारचा आणि पैसे तुमचे, वर वसुली नाही.

चळवळ मोडल्यावर मॅक्यून मेथडिस्ट धर्मोपदेशक झाला आणि टेक्सासमधल्या गरीब वस्त्यांत काम करत राहिला. तो १९४० ला वारला. म्हणजे ती सील लावलेली कणगी त्याच्या हयातीत उभी राहिली होती.